शेतीच्या सुरुवातीवर लिहिताय? या चुका टाळा

“आदिमानवाला शेतीचा शोध लागला आणि तो स्थिर झाला.” प्रकल्पवह्या तपासताना हे वाक्य दिसलं की माझं लाल पेन तिथेच थांबतं. शोध म्हटलं की एक माणूस, एक दिवस, एक जागा डोळ्यांपुढे येते. शेती मात्र तशी आली नाही. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो इथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच लोक रानटी गहू आणि सातू गोळा करून दळत होते. त्या भागात पेरणीचं पीक पक्कं झालं ते त्यानंतर दहा-बारा हजार वर्षांनी. रानटी गव्हाची ओंबी पिकली की दाणे आपोआप गळतात. विळ्याने कापून घरी येतात त्यांत न गळणारे जास्त, आणि तेच पुन्हा पेरले जातात. हा बदल पिढ्यान्‌पिढ्या चालला. ‘शेती आली म्हणून स्थिर झाला’ हेही सरसकट खरं नाही. त्याच परिसरातले नाटुफी लोक शेतीच्या आधीपासून दगडी पायाची घरं बांधत होते.

दुसरी चूक पिकांची. एका शाळेच्या प्रदर्शनात मेहरगढवर आठ फुटी फ्लेक्स लागला होता. बलुचिस्तानातली ही वस्ती इ.स.पू. ७००० च्या आसपासची, उपखंडातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांपैकी एक. चित्रातल्या बाईच्या टोपलीत मात्र मक्याची कणसं आणि लाल मिरच्या! दोन्ही अमेरिकेतली पिकं, कोलंबसानंतर आपल्याकडे आलेली. मजकूर मुलांनी आठवडाभर खपून लिहिला होता. चित्र शेवटच्या रात्री नेटवर पहिलं दिसलं ते उचललं. उद्घाटनाला तासभर उरला असताना आम्ही कणसांवर सातूच्या लोंब्या काढून चिकटवल्या. मजकूर लिहिणारी मुलगी रडत होती, आणि तिच्या मजकुरात एकही चूक नव्हती. आयत्या चित्रांचा मला तेव्हापासून राग आहे. आता रंग हातात घेण्याआधी मी पिकांची यादी करायला लावतो आणि प्रत्येकापुढे त्याचं मूळ लिहायला: गहू-सातू पश्चिम आशिया, भात चीनमधलं यांगत्सेचं खोरं, मका मेक्सिको, बटाटा दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. ज्वारी-बाजरी आफ्रिकेची हे ऐकून दरवर्षी कुणीतरी वाद घालतं. घालू द्यावा, त्यातूनच ते लक्षात राहतं.

इ.स.पू. ७००० म्हणजे ७००० वर्षांपूर्वी नव्हे, ९००० वर्षांपूर्वी.

मडकं दिसलं म्हणून शेती होती असं लिहू नका. जपानच्या जोमोन लोकांनी शेतीआधी मडकी घडवली. मेहरगढचे सुरुवातीचे शेतकरी मडक्यांविना राहिले.

‘शेती आली आणि नगरं उभी राहिली’ हे एका दमात लिहू नका. मेहरगढ आणि मोहेंजोदडोच्या भरभराटीत सुमारे साडेचार हजार वर्षांचं अंतर आहे.

आता सगळ्यांत चिवट चूक: शिकारीपासून शेतीकडे, शेतीपासून नगराकडे जाणारा एकच सरळ बाण. घाईत तक्ता काढणाऱ्याला तो फार आवडतो. पण पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव बघा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे शेतकरी वसले. पुढे, इ.स.पू. १४०० ते १००० या सुरुवातीच्या जोर्वे काळात, चौकोनी घरं, सातूचं पीक, पाटाचं पाणी, धान्याचं कोठार, सगळं होतं. इ.स.पू. १००० नंतर त्याच जागी लहान गोल झोपड्या दिसतात. शेती रोडावते, शेळ्यामेंढ्या आणि शिकारीवरची भिस्त वाढते. उत्खनन करणाऱ्यांनी याचा संबंध वाढत्या दुष्काळाशी जोडला. इ.स.पू. ७०० च्या आसपास गाव उठलं.

हे लोक मागासले असं लिहिणाऱ्याचे मी गुण कापतो. पाऊस हटला तेव्हा जगायला जे जमलं ते त्यांनी केलं. मेंढरं घेऊन हिंडणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. तक्त्यात इनामगावच्या रकान्यात मी आता दोन घरं काढायला लावतो: आधी चौकोनी, त्याखाली गोल.