गाळ बसला की शेवाळ उठतं: गोडी छाटणीआधी शेततळं तपासा

पाऊस ओसरून शेततळ्यातलं गढूळ पाणी निवळायला लागलं की बरं वाटतं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्ष बागायतदारांनी सावध व्हायचं ते नेमकं याच दिवसांत. आज नितळ दिसणारं पाणी थोड्याच दिवसांत हिरवं होतं आणि गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) ऐन फुटीच्या वेळी त्यातलं शेवाळ ठिबकच्या ड्रिपरमध्ये अडकून बसतं.

ओढ्याचं, नदीचं पाणी तळ्यात घेताना काळ्या मातीचे बारीक कण सोबत येतात, आणि त्या कणांना शेतांतून वाहून आलेलं स्फुरद (फॉस्फरस), म्हणजे शेवाळाचं खाद्य, चिकटलेलं असतं. पाणी गढूळ असतं तोवर ऊन आत शिरत नाही. त्यामुळे खाद्य भरपूर असूनही शेवाळ दबून राहतं. कण खाली बसले आणि ऑक्टोबरचं ऊन आत गेलं की ते झपाट्यानं वाढतं. शेवाळ चिकट द्रवही सोडतं. त्यात मातीचे कण गुरफटतात, गुठळ्या होऊन तळाला जातात आणि पाणी आणखी नितळ होतं. पुढे मेलेलं शेवाळ तळाशी कुजतं. तिथला प्राणवायू संपला की गाळानं धरून ठेवलेलं स्फुरद परत पाण्यात सुटतं.

तळं उथळ असेल तर वारा हाच गाळ पुन्हा वर काढतो. गोदावरी-कादवा संगमाजवळचं नांदूर मध्यमेश्वर धरणाचं जलाशय गाळानं उथळ झालेलं आहे. अशा पाणवठ्यात एका वाऱ्यानंतर पाणी कसं बदलतं ते तिथं जाऊन जरूर पाहा. शेततळ्यात पाणी जितकं खाली जातं, तितका हाच त्रास वाढतो.

म्हणून पुराचं पहिलं लोंढ्याचं पाणी तळ्यात घेऊच नका. जमलं तर आधी छोट्या खड्ड्यात थांबवून, गाळ बसू देऊन मग आत सोडा. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तळाशी टेकवू नका. रिकाम्या कॅनला बांधून तो पाण्याखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवा, म्हणजे वरचा हिरवा थर आणि खालचा गाळ दोन्ही टळतात. हा खर्च अगदी किरकोळ आहे, तरी बहुतेक तळ्यांवर तो केलेला दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेवाळाच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, सँड फिल्टर (वाळूची गाळणी) हवाच. त्याच्या आत-बाहेरच्या दाबात अर्धा किलोचा (प्रति चौरस सेंटीमीटर) फरक पडला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवा. लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं आठवड्यातून एकदा उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या.

शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याची घाई मात्र नको. गढूळ पाण्यात ते मातीला चिकटून वाया जातं आणि जड पाण्यात त्याचा असर कमी होतो. सगळं शेवाळ एकदम मेलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात, म्हणून मासे सोडलेल्या तळ्यात टाकूच नका. इतरत्र वापरायचंच असेल, तर तळ्यात आज किती पाणी आहे ते आधी मोजा. 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल, उतरत्या कडांचं तळं पूर्ण भरलं तर सुमारे 20 लाख लिटर होतं, पण अर्ध्या तळ्यात पूर्ण तळ्याची मात्रा घातक ठरते. पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात दाखवून प्रमाण ठरवा आणि ते टप्प्याटप्प्यानं द्या.

फवारणीचं पाणी सकाळी लवकर काढा. दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारनंतर सामू (pH) 9 च्या वरही जाऊ शकतो आणि काही औषधं अशा पाण्यात लवकर निकामी होतात. ग्लायफोसेटसारखं तणनाशक गढूळ पाण्यात मिसळू नका, ते मातीच्या कणांना चिकटून बसतं.

पाण्यावर हिरवा-निळसर रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते नीलहरित शेवाळ असू शकतं. त्यातलं काही विषारी असतं. तवंग दिसेनासा झाला तरी विष काही काळ पाण्यात राहू शकतं, म्हणून गाई-म्हशींना लगेच त्या तळ्यावर नेऊ नका, त्यांना विहिरीचं पाणी पाजा.