हँडबॉल खेळताय? मग निकोला काराबाटिच असा बघा

आपल्याकडची हँडबॉल खेळणारी बरीच पोरं मोबाईलवर नुसते गोल बघतात, ट्रिक शॉट बघतात आणि ग्राउंडवर तेच करायला जातात. तुम्ही सेंटर बॅक नाहीतर लेफ्ट बॅक (म्हणजे मागच्या फळीत मधून किंवा डावीकडून हल्ला करणारे) खेळत असाल तर फ्रान्सच्या निकोला काराबाटिचच्या पूर्ण मॅच बघा, हायलाइट्स नकोत. 3 ऑलिंपिक गोल्ड, 4 वर्ल्ड चॅम्पियनशिप, 4 युरोपियन चॅम्पियनशिप, शिवाय माँपेलिये, कील आणि बार्सिलोना अशा तीन वेगवेगळ्या क्लबकडून चॅम्पियन्स लीग, आणि तरी त्याच्याकडून पहिलं शिकायचं ते गोल मारणं नाहीच, दोन डिफेंडर स्वतःच्या अंगावर कसे ओढून घ्यायचे ते शिकायचं.

कसं बघायचं ते सांगतो. पहिला हाफ बॉलकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. तो 9 मीटरच्या तुटक रेषेच्या मागून पळत येतो आणि एका डिफेंडरवर न जाता दोघांच्या मधल्या फटीत घुसतो, मग दोघंही त्याच्यावर येतात आणि तिकडे पिव्हट (गोलजवळ डिफेंडरच्या मध्ये उभा राहणारा आपला खेळाडू) नाहीतर विंगर (कडेचा खेळाडू) मोकळा होतो. बॉल हातात घेऊन तीनच पावलं मिळतात ना, त्यात दुसऱ्या पावलाला शॉट की पास हे त्याचं ठरलेलं असतं. आपली पोरं उडी मारल्यावर हवेत ठरवतात, तिथेच बॉल जातो.

दुसरा हाफ फक्त डिफेन्स. टीममध्ये जागा टिकवायची असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण करिअरच्या शेवटी शेवटी तो डिफेन्ससाठीच जास्त खेळायचा. मध्ये तो आणि बऱ्याचदा शेजारी त्याचा सख्खा भाऊ लुका. हात बघा, एक हात समोरच्याच्या शॉटच्या हातावर, दुसरा कमरेपाशी, आणि छाती कायम समोर. बाजूने किंवा मागून ओढलं की 2 मिनिटं बाहेर.

मग ग्राउंडवर या. दोन डिफेंडर, एक पिव्हट आणि तुम्ही. सुरुवातीला शॉट पूर्ण बंद, दुसरा डिफेंडर तुमच्याकडे सरकला तरच पास द्यायचा, नाही सरकला तर मागे येऊन परत. हे अंगात बसलं की शॉट सुरू करा, उजव्या हाताने मारत असाल तर डावा-उजवा-डावा आणि डाव्या पायावर उडी.

गुडघ्याचं मात्र मनावर घ्या. ऑक्टोबर 2020 ला 36 व्या वर्षी त्याचं लिगामेंट फाटलं आणि तरी पुढच्या उन्हाळ्यात टोकियोला तो गोल्ड जिंकणाऱ्या टीममध्ये होता, पण त्याच्यामागे डॉक्टर, फिजिओ सगळे होते, आपण सिमेंटवर नाहीतर मुरमावर खेळतो. शॉटच्या आधी एका पायावर, गुडघा वाकवून उतरायची प्रॅक्टिस रोज करा, ताठ पायाने उतरू नका.

सुरुवात 2012 च्या लंडन ऑलिंपिक फायनलपासून करा, स्वीडनविरुद्ध 22-21, कमी गोलची मॅच त्यामुळे डिफेन्स नीट दिसतो. नंतर पॅरिस 2024 ची जर्मनीविरुद्धची क्वार्टर फायनल, चाळिशीतली त्याची शेवटची मॅच. फ्रान्स एका गोलने पुढे, बॉल त्यांच्याचकडे, टाइमआउट घेतलेला, आणि शेवटच्या काही सेकंदात पास चुकला, जर्मनीने बरोबरी केली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये 35-34 ने मॅच नेली. त्या टाइमआउटला व्हिडिओ थांबवा आणि बॉल तुमच्या हातात असता तर कुणाला दिला असता ते आधी ठरवा, मग पुढचं बघा.