एएफएमवर कडकपणा मोजायच्या आदल्या दिवशी

एएफएम म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक. बारीक टोकाची टिप पृष्ठभागावर फिरवून किंवा दाबून तो उंचसखलपणा आणि कडकपणा मोजतो. सॅम्पल आजच चिकटवा. पॉलिमरची फिल्म असलेला सिलिकॉनचा तुकडा स्टीलच्या चकतीवर इपॉक्सीने बसवून रात्रभर सुकू द्या. दुहेरी चिकटपट्टी नुसता उंचसखलपणा बघायला चालते. कडकपणा मोजताना मात्र ती टिपच्या दाबाखाली आणि उष्णतेने सरकत राहते. तुकडा चिमट्याने कडेलाच धरा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. अभ्रकाचा तुकडाही हाताशी हवा, पण तो आज सोलू नका. वरचा पापुद्रा उद्या, स्कॅनच्या अगदी आधी, चिकटपट्टीने काढा. ताजा अभ्रक अणूंच्या पातळीवर सपाट असतो, त्यामुळे यंत्राचा स्वतःचा आवाज (मोजमापात मिसळणारा नॉइज) किती आहे ते त्यावर लगेच कळतं.

कँटिलिव्हर, म्हणजे टिप जिच्या टोकाला असते ती लवचिक पट्टी, निवडताना घाई नको. 0.2 न्यूटन प्रति मीटरचा मऊ कँटिलिव्हर पॉलिस्टायरीनवर नुसता वाकतो, टिप आत रुततच नाही. तिथे 40 च्या आसपासचा घ्या. पण डबीवर छापलेला हा आकडा हिशेबात कधीच वापरू नका. कँटिलिव्हर स्प्रिंगसारखा वाकतो आणि त्याचा कडकपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडीत 10 टक्के फरक पडला की कडकपणात 30 टक्क्यांच्या आसपास पडतो. प्रत्येक कँटिलिव्हर स्वतंत्र मोजायचा, याला पर्याय नाही. लांबी, रुंदी, कंपनसंख्या आणि हवेतला क्यू (कंपन किती हळू विरतं याचा आकडा) यांवरून साडरच्या पद्धतीने तो टिप कुठेही न टेकवता मोजता येतो. नीलमण्याच्या चकतीवर टिप दाबून विक्षेपाची संवेदनशीलता (कँटिलिव्हर किती वाकला की लेझरचा संकेत किती बदलतो) काढायचं काम मी शेवटी ठेवते, कारण धारदार टोक बहुतेक वेळा तिथेच बोथट होतं. तोवर कँटिलिव्हरवरचा लेझरचा ठिपका मात्र जागचा हलता कामा नये.

उद्या पोचल्यावर लेझर चालू करून किमान अर्धा तास थांबा. आर्द्रता वहीत लिहा. पावसाळ्यात टिप आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो आणि चिकटण्याचं बल वाढतं. तेव्हा कोरडा नायट्रोजन सोडता येईल का, हे आजच विचारून ठेवा.

स्वतःच्या सॅम्पलआधी पॉलिस्टायरीन आणि कमी घनतेच्या पॉलिइथिलीनच्या मिश्रणाची फिल्म स्कॅन करा. पहिल्याचा कडकपणा 2 ते 3 गिगापास्कल, दुसऱ्याचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. कडकपणाच्या नकाशात हा फरक उमटला नाही, तर टिप बदला. म्हणून त्याच डबीतल्या किमान तीन टिपा सोबत घ्या.