कॉली पाळलीय? औषध देताना या चुका टाळा : गोचिडाचं इंजेक्शन, जुलाब थांबवायची गोळी आणि एमडीआर१ जीन

आमची चिकू रफ कॉली जातीची कुत्री आहे, आता सात वर्षांची. तिच्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या कॉलीच्या बाबतीत होऊ नये म्हणून हे सगळं बैजवार लिहितेय. थोडं लांबेल, पण कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यातलं काहीही घरात असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही सिन्नरला मावशीकडे गेलो होतो. चिकू दिवसभर गोठ्याभोवती हुंदडली आणि संध्याकाळी बघते तर कानाच्या आत, पंजाच्या बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली सगळीकडे गोचीड. मावसभावाकडे गाईंसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची, म्हणजे गोचीड-जंत मारायच्या औषधाची, बाटली होती. तो स्वतः गाईंना टोचतो, हात चांगला आहे त्याचा. लेबलवर लिहिलेलं, ५० किलो वजनाला १ एमएल. चिकू २२ किलोची, म्हणून त्याने नीट मोजून साधारण ०.४५ एमएल कातडीखाली दिलं. हिशोब बरोबरच होता, पण तो गाईचा होता.

रात्री बाराच्या सुमारास तोंडातून लाळ गळायला लागली. आम्हाला वाटलं प्रवासाने पोट बिघडलं असेल. सकाळी उठली तर मागचे पाय एकमेकांत अडकत होते, दारू प्यायलेला माणूस चालतो तसं, आणि दुपारी मी तिच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं तर पापणीच हलेना. डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की डोळ्याचा तपकिरी रंगच दिसत नव्हता. बिस्किटाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण वाजवलं की मान आवाजाकडे वळायची, पण बिस्किट नाकासमोर धरलं तरी सापडायचं नाही तिला. नाशिकला दवाखान्यात पोचेपर्यंत ती आडवी झाली होती.

गाईच्या बाटलीतून कुत्र्याला काढून देऊ नका

हे सगळ्यात आधी, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच होतं. १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका एमएलला १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं. म्हणजे चिकूला गेलं ४.५ मिलिग्रॅम, किलोमागे साधारण २०० मायक्रोग्रॅम. आता हा आकडा कशाशी ताडायचा ते सांगते. कुत्र्याला हार्टवर्म (हृदयात होणारे जंत) होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा जी गोळी देतात तिच्यात आयव्हरमेक्टिन किलोमागे फक्त ६ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि ते कॉलीलाही चालतं. खरजेसाठी ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत देतात, बाकीची बरीच कुत्री ते निभावून नेतात. पण जीनमध्ये दोष असलेल्या कॉलीत (तो दोष कोणता ते पुढे सांगते) १०० च्या वर गेलं की मेंदूवर परिणाम दिसायला लागतो. ६ आणि १०० यांच्यात जागा भरपूर आहे हो, पण २२ किलोच्या कुत्र्यासाठी ६ मायक्रोग्रॅम म्हणजे त्या बाटलीतला एमएलचा जवळपास ७५ वा भाग, तो साध्या सिरिंजने मोजताच येत नाही. हात किती का चांगला असेना, त्या बाटलीतून कॉलीसाठी सुरक्षित डोस घरी काढणं शक्य नाही.

माणसांच्या गोळीचंही तेच. कोविडमध्ये ही गोळी घराघरात आली, २०२१ च्या मे महिन्यात तर गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यायचं जाहीर केलं होतं, आणि १२ मिलिग्रॅमच्या उरलेल्या स्ट्रिप कुणाकुणाच्या कपाटात राहिल्या. त्यातली एक गोळी २२ किलोच्या कुत्र्याला दिली तर किलोमागे ५४५ मायक्रोग्रॅम होतात. चिकूला गेलं त्याच्या अडीचपटीहून जास्त.

‘औषधाची अ‍ॅलर्जी’ म्हणून सोडून देऊ नका

दवाखान्यातून आल्यावर मला दहा जणांनी सांगितलं की तिला इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आली. ही अ‍ॅलर्जी नाही, आणि हा फरक कळला नाही तर पुढची चूक ठरलेली आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो. होडीत शिरणारं पाणी माणूस जसा सतत उपसून बाहेर टाकतो तसा हा पंप आत येऊ पाहणारी काही औषधं परत रक्तात ढकलत राहतो. तो बनवण्याची कृती एमडीआर१ या जीनमध्ये असते, त्याला एबीसीबी१ असंही म्हणतात, आणि बऱ्याच कॉलींच्या त्या जीनमधली डीएनएची चार अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे पंप अर्धवटच बनतो आणि काम करत नाही. मग साध्या डोसमधलंही औषध मेंदूत साचत जातं.

आयव्हरमेक्टिन जनावरांसाठी १९८१ मध्ये बाजारात आलं आणि कॉलीला ते झेपत नाही हे डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं, पण कारण सापडायला २००१ उजाडलं. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅटरिना मीली यांच्या टीमने जीनमधला हा दोष शोधला. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. तिकडच्या दर दहा कॉलींपैकी साधारण सात जणींत या दोषाची निदान एक तरी प्रत असते, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये जवळपास निम्म्यांत, जर्मन शेफर्डमध्ये दहातल्या एकात. बॉर्डर कॉलीत मात्र फार कमी, नावात कॉली असूनही. आणि हे औषध वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, याच औषधाच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालंय आणि माणसांचे कितीतरी रोग त्याने आटोक्यात आलेत. प्रश्न आहे तो कोणत्या कुत्र्याला, किती, आणि सोबत काय दिलं याचा.

फक्त आयव्हरमेक्टिन टाळलं की झालं, असं समजू नका

मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. तोच पंप बाकीही बरीच औषधं बाहेर काढतो.

लोपेरामाइड, म्हणजे आपली जुलाब थांबवायची २ मिलिग्रॅमची गोळी, कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते आणि कुत्र्याचं पोट बिघडलं की लोक अर्धी-पाव करून देतात. ही खरं तर अफूच्या जातकुळीतली आहे, माणसाला तिची गुंगी येत नाही याचं कारण हाच पंप तिला मेंदूत शिरू देत नाही. दोष असलेल्या कॉलीत ती सरळ मेंदूत जाते, कुत्रं सुस्त पडतं, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं जुलाबाने अशक्तपणा आलाय. मग सलाइन लावतात आणि गोळी चालूच ठेवतात. जुलाब झाले तर डॉक्टरांना विचारा, ही गोळी नकोच.

प्रवासाला किंवा केस कापायला नेताना शांत राहावं म्हणून अ‍ॅसेप्रोमाझिन देतात, ऑपरेशनच्या आधी ब्युटॉर्फेनॉल देतात. ही बंद नाहीत, पण डोस कमी करावा लागतो, दोषाची एक प्रत असेल तर साधारण पाव हिश्शाने आणि दोन्ही असतील तर ३० ते ५० टक्क्यांनी, नाहीतर कुत्रं तासन्‌तास शुद्धीवरच येत नाही. नसबंदीच्या ऑपरेशनला नेताना हे तोंडी सांगून थांबू नका, केसपेपरवर लिहून घ्या.

आणि विन्क्रिस्टिन. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांशी संबंध आला की लिंगाच्या जागी जी गाठ होते, टीव्हीटी म्हणतात तिला, त्यासाठी आठवड्याला एक असं हे इंजेक्शन देतात आणि गुण फार छान येतो. पण दोष असलेल्या कुत्र्यात ते शरीराबाहेर लवकर पडत नाही, पांढऱ्या पेशी फार खाली जातात, ताप, उलट्या सुरू होतात. डोस कमी करून आणि दर आठवड्याला रक्त तपासूनच द्यायचं असतं, म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधीच जात सांगा. कॅन्सरवरच्या डॉक्सोरुबिसिनचंही असंच.

मागच्या वेळी काही झालं नव्हतं, हे कारण धरू नका

मागच्या वेळी बहुधा जंताची गोळी दिलेली असते, प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेनबेंडाझोल वगैरे, ती या जीनशी भांडत नाहीत. किंवा हार्टवर्मची ती ६ मायक्रोग्रॅमवाली. ‘जंताचं औषध’ या एका नावाखाली आपण चार वेगळी औषधं मोजतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो. पाकिटाचा फोटो काढून ठेवा, आतलं नाव बघा.

सोबत काय चालू आहे तेही बघा. बुरशीसाठी केटोकोनॅझोल चालू असेल तर ते हाच पंप बंद पाडतं, म्हणजे जीन धडधाकट असलेलं कुत्रंसुद्धा तात्पुरतं कॉलीसारखं होतं. एकाच वेळी खरूज आणि बुरशी दोन्ही निघाली आणि दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन औषधं आणली, असं पावसाळ्यात कितीदा होतं.

अजून एक, शेताकडे राहणाऱ्यांसाठी. टोचलेल्या गाईच्या, घोड्याच्या शरीरातून हे औषध शेणा-लिदीवाटे बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. कुत्र्यांना लिद खायची सवय असते हे सांगायला नको. घोड्यांना तोंडात द्यायची पेस्ट असेल तर जमिनीवर सांडलेला एक थेंबही पुसून घ्या, तिच्यात औषध गाईच्या इंजेक्शनच्या जवळपास दुप्पट तीव्र असतं.

रात्री लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका

आम्ही ती वाट बघितली आणि बारा तास घालवले, ते मला अजून सलतं. लाळ, उलटी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, न दिसणं, थरथर, तोल जाणं यातलं काहीही औषधानंतरच्या एक-दोन दिवसांत दिसलं की लगेच निघा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, गुंगीतल्या कुत्र्याच्या फुप्फुसात पाणी जातं. दूध, लिंबू, तूप काही नको. औषधाची बाटली सोबत घ्या, किती वाजता किती दिलं ते कागदावर लिहून घ्या.

याला उतारा असा नाही. औषध उतरेपर्यंत कुत्र्याला जगवून ठेवायचं, हाच उपचार. चिकूला सलाइन होतं, नळीने अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (औषधी कोळशाची पूड) दिला, कारण हे औषध पित्तातून आतड्यात येतं आणि परत शोषलं जातं, ते चारकोल धरून ठेवतो. काही ठिकाणी शिरेतून लिपिड इमल्शन, म्हणजे चरबीचं द्रावण, देतात, सगळ्यांना गुण येतोच असं नाही. श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर लागतो, म्हणून तो कुठल्या दवाखान्यात आहे हे आजच विचारून ठेवा. बाकीचं काम घरच्यांचं: दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, डोळे उघडेच राहतात म्हणून मलम घालायचं, खालचं फडकं ओलं झालं की बदलायचं. सहाव्या दिवशी मी डब्याचं झाकण वाजवलं तेव्हा तिने कान हलवला. नवव्या दिवशी स्वतःहून मान उचलली आणि बिस्किट बघून घेतलं, वासाने नाही, बघून. उभी राहायला दोन आठवडे लागले. कुत्रं दोन-चार दिवसांत उठत नाही म्हणून आशा सोडू नका.

रिपोर्ट झालेले साइड इफेक्ट वाचून सगळंच बंद करू नका

चिकूच्या आजारानंतर मी घाबरून गोचिडाची सगळीच औषधं बंद केली आणि पुढच्या पावसाळ्यात तिला टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांतून होणारा ताप, झाला. फ्लुरालॅनर, अ‍ॅफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला होता की काही कुत्र्यांत थरथर, झटके येतात. ते खरं आहे आणि आधी फिट आलेल्या कुत्र्याला देताना डॉक्टरांशी बोलायलाच हवं, पण त्याचा एमडीआर१ शी संबंध नाही, कंपनीने सांगितलेल्या डोसमध्ये त्या कॉलीला चालतात, आणि खरजेलाही लागू पडतात, म्हणजे रोजच्या आयव्हरमेक्टिनची गरजच उरत नाही. रिपोर्ट आला म्हणजे त्या औषधानेच झालं असं सिद्ध होत नाही, आणि किती कुत्र्यांनी ते घेतलं होतं हे माहीत नसेल तर नुसत्या रिपोर्टच्या संख्येवरून धोका कळत नाही. तरीही तुमच्याकडे काही झालं तर डॉक्टरांना आणि औषध बनवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, बॅच नंबर, वजन, वेळ, सोबतची औषधं, सगळं.

दोष आहे की नाही हे रंगावरून किंवा पांढऱ्या पायांवरून ठरवू नका

गालाच्या आतून ब्रश फिरवून टेस्ट होते, आयुष्यात एकदाच. दोन्ही प्रती चांगल्या, एक दोषी किंवा दोन्ही दोषी, असा सरळ निकाल येतो. मिक्स ब्रीडमध्ये तर दिसण्यावरून काहीच कळत नाही. टेस्ट होईपर्यंत दोष आहेच असं धरून चाला. आणि पिल्लं काढणार असाल तर दोघांचीही टेस्ट करा, कारण दोन्ही आई-बापांत एकेक दोषी प्रत असेल तर वरून दोघं अगदी ठणठणीत दिसतात आणि साधारण चारातल्या एका पिल्लाला दोन्ही दोषी प्रती जातात.

चिकूच्या दोन्ही दोषी निघाल्या. तिच्या फाइलवर लाल स्केचपेनने औषधांची नावं लिहिलीत, तसाच एक कागद मावसभावाने गोठ्यातल्या फडताळावर, त्या बाटलीच्या अगदी वर चिकटवलाय.