पुण्याहून नागपूरला पाच खोकी: ट्रान्सपोर्टने माल पाठवताना

भवानी पेठेत किंवा मार्केट यार्डात बुक केलेली खोकी एकाच गाडीत बसून नागपूरला उतरत नाहीत. बुकिंग ऑफिसातून छोट्या टेम्पोने गोदामात, तिथून रात्रीच्या लाइनच्या (लांब पल्ल्याच्या) गाडीत, नागपूरला पुन्हा गोदाम आणि पुन्हा टेम्पो. म्हणजे दर नगाला सहा-सात वेळा हात लागतो. नग चुकतो तो बहुतेक या चढउतारात.

म्हणून प्रत्येक खोक्यावर 1/5, 2/5 असे ठळक आकडे घाला. नाव, गाव, मोबाइल दोन बाजूंना, थेट पुठ्ठ्यावर, पक्क्या मार्करने; चिकटवलेला कागद पावसाळ्यात सुटतो. कॉम्प्युटर नेटवर्कही फाइलचे तुकडे करून त्यांना असेच क्रमांक देतं. तिथे हरवलेला तुकडा पुन्हा पाठवता येतो, काचेची बरणी येत नाही! तेव्हा कुठल्या खोक्यात काय, याची यादी आणि फोटो जवळ ठेवा.

खोकं पाच पदरी पुठ्ठ्याचं घ्या. आतून सगळीकडे 5 सेंमी भरण, जड वस्तू तळाला, वजन 20 किलोच्या आत. त्यापुढे एकट्याने ते सांभाळून उतरवणं अवघड जातं आणि खोकं आपटतं. अर्धवट भरलेलं खोकं थप्पीत वरच्या वजनाने दबतं. रिकामी जागा उरलीच तर खोकं कापून लहान करा.

भाडं नुसत्या वजनावर नसतं, खोकं किती जागा अडवतं त्यावरही असतं. 60×40×40 सेंमीच्या खोक्याच्या तिन्ही मापांच्या गुणाकाराला 5000 ने भागलं तर 19.2 किलो येतात, आत 8 किलोच्या उशा असल्या तरी. हा भागाकार हवाई कुरिअरचा. रस्त्याने जाणाऱ्या मालाचा हिशेब बुकिंगआधी विचारून घ्या.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीवर) नगसंख्या, मालाचं वर्णन, किंमत, भाडं 'पेड' (आधीच भरलेलं) की 'टू-पे' (माल घेणाऱ्याने द्यायचं), गोदाम डिलिव्हरी की घरपोच, एवढं वाचूनच सही करा. किंमत न लिहिल्यास भरपाई तुटपुंजी मिळते. व्यापारी माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर, किंवा परराज्यात 50,000 च्या वर असेल तर ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) लागतं. त्याची मुदत दर 200 किमीला एक दिवस. नागपूरचे सातशे किमी धरले तर चार दिवस.

माल घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: नग मोजल्याशिवाय सही नाही. खोकं फुटलेलं किंवा कमी असेल तर ट्रान्सपोर्टवाल्याच्या प्रतीवर तिथेच शेरा लिहायचा. दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.