रजिस्टर लग्न करताय? नोटिशीची तारीख आधी लिहून ठेवा

आधी एक नक्की करा. विधीने लग्न झालंय आणि फक्त नोंद करायची आहे, तर ते काम वेगळं आणि बरंच सोपं. ही यादी त्यासाठी नाही. मांडव नको, भटजी-काझी नको, सह्या करूनच लग्न लागायला हवं असेल, तर 1954 चा विशेष विवाह कायदा. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जायचं. मुलाला 21 आणि मुलीला 18 पूर्ण हवीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

नोटीस, म्हणजे आम्हाला लग्न करायचंय अशी विवाह अधिकाऱ्याला द्यायची लेखी सूचना, कुठल्या जिल्ह्यात द्यायची हे मात्र नीट बघा. दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधी सलग किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा, आणि ते कागदावर दिसायला हवं. आधारवर गावचा पत्ता आणि मुक्काम भाड्याच्या खोलीत, असं असेल तर भाडेकराराची सोय आधी करा. कागद नेहमीचेच: जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते, साधी झेरॉक्स चालणार नाही, आणि अपिलाची मुदतही उलटून गेलेली हवी. जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला.

आता मुख्य गोष्ट. नोटीस दिली की ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. पण नोटीस जिवंत राहते तीनच महिने, आणि ते मोजायचे नोटीस दिल्याच्या तारखेपासून. हरकतीचे 30 दिवस संपल्यापासून नव्हे! म्हणजे प्रत्यक्षात हातात दोनच महिने उरतात. त्यातच सुट्ट्या, परगावचे साक्षीदार, कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण. आमची नोटीस नेमकी अशीच बाद झाली. मुदत गेली की नवी नोटीस, पुन्हा फलक, पुन्हा 30 दिवस. विनवण्या करून काही होत नाही, कारण मुदत वाढवायचा अधिकार अधिकाऱ्याला नाहीच. म्हणून नोटीस देताना मिळालेल्या पोचपावतीवरची तारीख त्याच दिवशी दोघांच्याही फोनमध्ये टाका, आणि पुढे तीन महिने मोजून शेवटचा दिवसही टाका.

फलकामुळे घरी कळेल ही भीती अनेकांना असते, आणि ती खोटी नाही. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. पण हरकत कायद्यातल्या कारणांवरच टिकते: वय, आधीचा जोडीदार, संमती देण्याची मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. ‘आम्हाला जात पसंत नाही’ ही हरकतच नव्हे. हे आधी पाठ करून ठेवा, कुणी दरडावलं तर पाय लटपटणार नाहीत. धमक्या येत असतील तर मात्र वकील आणि पोलीस, दोन्हीकडे लगेच जा.

30 दिवस सरले की मुहूर्त बघत बसू नका. पहिली सोयीची तारीख घ्या. तीन महिने नोटिशीपासून!

त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोघांवर भागत नाही, म्हणून चौथ्यालाही सांगून ठेवा. सगळ्यांकडे मूळ ओळखपत्र हवं. आधी जाहीरनाम्यावर सह्या, मग अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडाने म्हणायचं, दोघांना कळेल त्या भाषेत. ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

सही करण्याआधी प्रमाणपत्रातली नावं अक्षर न् अक्षर वाचा, पासपोर्टशी ताडून. प्रमाणित प्रती एकदमच दोन-तीन मागून घ्या.