सोलर पॅनल किती लावायचे आणि इन्व्हर्टर केवढा घ्यायचा

५ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे म्हणून पॅनलही मोजून ५ किलोवॅटचेच हवेत असं बरेच जण धरून चालतात, पण तसं काही नसतं, उलट पॅनल थोडे जास्तच लावावेत. कारण पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचे वॅट हे लॅबमधले असतात, १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेल २५ डिग्रीला. आता भर दुपारी पॅनलला मागून हात लावून बघा, चटका बसतो, सेल आरामात ६५ डिग्रीपर्यंत गेलेला असतो आणि दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के पॉवर कमी होते, म्हणजे ४० डिग्रीमागे १४ टक्के गेलेच. ५४५ वॅटचे १० पॅनल कागदावर ५४५० वॅट, तेवढ्या गरमीत ४७००च्या आसपास, त्यात धूळ आणि वायरचा लॉस वेगळा.

म्हणून इन्व्हर्टरच्या १.१ ते १.३ पट पॅनल लावले तर चालतात, फक्त मॅन्युअलमध्ये मॅक्स डीसी इनपुट (पॅनलकडून जास्तीत जास्त किती चालतं) किती दिलाय ते बघून घ्या. कधी पॉवर जास्त आलीच तर इन्व्हर्टर ५ किलोवॅटच्या वरची घेत नाही, याला क्लिपिंग म्हणतात, यात काही जळत नाही, थोडे युनिट जातात पण सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवशी जास्त मिळतात.

खरी काळजी घ्यायची ती व्होल्टेजची, हे कळकळीने सांगतोय. पॅनल सिरीजमध्ये जोडले की व्होल्टेज वाढत जातं आणि थंडीत अजून वाढतं. समजा पॅनलचं व्हीओसी (काहीही लोड न जोडता येणारं व्होल्टेज) ४९.६ व्होल्ट आहे आणि डेटाशीटमध्ये २५च्या खाली दर डिग्रीला ०.२७ टक्के वाढ दिलीय, तर ५ डिग्रीच्या पहाटे ते ५२.३ होतं. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट असेल तर ११ पॅनल ५७५ व्होल्टला बसतात पण १२ लावले की ६२७, आणि इन्व्हर्टर उडू शकतो, वॉरंटीही मिळत नाही. आणि २५ डिग्रीचा हिशोब केला तर १२ पॅनल ५९५ व्होल्ट येतात, अगदी बरोबर वाटतात, इथेच लोक फसतात. १२च लावायचे असतील तर ६-६ च्या दोन स्ट्रिंग (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळा) करून इन्व्हर्टरच्या दोन एमपीपीटीला (पॅनलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारे इनपुट) द्या, मात्र उन्हाळ्यात व्होल्टेज उतरतं तेव्हाही ते एमपीपीटीच्या रेंजमध्ये राहतंय ना ते तपासा. पॅरलल जोडताना आयएससीची (म्हणजे शॉर्ट सर्किट करंटची) बेरीज करून इनपुटच्या शॉर्ट सर्किट करंटच्या मर्यादेशी ताडून बघायची.

बॅटरीवाली सिस्टीम असेल तर इन्व्हर्टरची साइज पॅनलवरून नाही, लोडवरून ठरवा, मोटर चालू होताना कितीतरी पट करंट ओढते.

आणि इन्व्हर्टरला स्ट्रिंग लावायच्या आधी १००० व्होल्ट डीसीच्या मल्टिमीटरने व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही बघा, आकडा हिशोबाशी जुळला तरच कनेक्टर दाबा.